‘बरा झाला’ या शेऱ्यानंतर

क्षयमुक्त भारतासाठी २०१८ साली दिल्लीत २०२५ ची मुदत जाहीर झाली होती. ती टळून गेली आणि गोंदिया जिल्ह्यात टीबीच्या गोळ्या वाटणं सुरूच आहे. मुदत हुकली याहून मला जास्त सलतं ते वेगळंच. गोळ्या संपल्यावरही खोकत राहिलेली माणसं कुणी हिशेबात धरलीच नाहीत.

१९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम, १९९७ चं त्याचं सुधारित रूप, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा, हे कागदोपत्री ठीक. मनात रुतून बसलंय ते २००६ नंतरचं दशक. डॉट्स देशभर पोचलं होतं. सालेकसा, देवरीकडच्या गावांत रुग्णाच्या नावाचा खोका यायचा, आशाताई दिवसाआड समोर बसवून गोळ्या द्यायची. त्या खोक्यांनी पुष्कळ जीव वाचवले. पण तोच माणूस वर्षा-दोन वर्षांनी मळणीच्या दिवसांत खोकल्यातून रक्त पडतं म्हणून परत आला, की थुंकी निगेटिव्ह असली तरी निदान ठरलेलं: टीबी उलटला. मग कॅटेगरी दोन, आठ महिने, त्यातले दोन महिने स्ट्रेप्टोमायसीनची सुई. कानांत आवाज, चालताना झोक जाणं, सगळं सोसायचं.

एक्स-रे उजेडात धरला असता तर टीबीने पाडलेल्या पोकळीत गोळा दिसला असता, त्याच्यावर हवेची काळी चंद्रकोर. ॲस्परजिलस बुरशीचा गोळा! कुजलेल्या तणसात, ओल्या धानाच्या धुळीत ही बुरशी असते. ब्रिटनमध्ये १९६८ सालीच टीबीनंतर पोकळी उरलेल्या ५४४ रुग्णांचं रक्त तपासलं गेलं. २५ टक्क्यांत या बुरशीच्या खुणा सापडल्या. आपल्या नोंदवहीत मात्र तिला रकानाच नव्हता.

२०१३ मध्ये चंदीगडच्या पीजीआयने सहा महिन्यांच्या इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाने हा आजार आटोक्यात येतो हे दाखवलं. टीबी आणि ही बुरशी, दोन्ही एकत्र असले तर खरी कसोटी. टीबीचं रिफाम्पिसिन यकृताकडून बुरशीच्या औषधाचा इतक्या झपाट्याने निचरा करवतं की ते रक्तात पुरेसं उरत नाही. व्होरिकोनॅझोल तर त्याच्यासोबत देऊच नये.

२०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने (ती वेगळी) साऱ्यांची झोप उडवली, मग सगळे बुरशीला विसरले. २०१६ पासून गोंदियात मेडिकल कॉलेज आहे, म्हणजे तपासणीसाठी दूर जायचं कारण नाही. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला हजार रुपये मिळतात. उपचार संपले की तेही थांबतात. बुरशीवाल्याच्या महागड्या गोळ्या त्यानंतरच सुरू होतात. ‘बरा झाला’ लिहिलेला जो कुणी अजून खोकतोय, त्याचा एक्स-रे आणि ॲस्परजिलसची रक्ततपासणी जिल्ह्यातच, फुकट व्हायला हवी.