पाणी चढायच्या आधी

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. त्यात बाणकोटच्या खाडीला भरती असली, की पाणी तुंबलंच. म्हणून वर धो-धो पाऊस लागला, की महाडच्या बाजारपेठेत माल माळ्यावर चढतो. (२२ जुलै २०२१च्या पुरात माळेही पुरले नाहीत, ते वेगळं.)

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी हीच रीत तपासली : अमुक झालं, की तमुक करायचं. नुसत्या ‘यंदा नक्की करीन’पेक्षा ती जास्त तडीस जाते, खूण दिसताच हात चालतो, मनाशी घासाघीस उरत नाही.

अशा रीतीची २१ दिवसांत सवय लागते, ही मात्र थाप. लंडनच्या एका अभ्यासात अंदाज निघाला साधारण ६६ दिवसांचा. कुणाला १८, कुणाला २५४. म्हणजे जूनमध्ये मृगाला धरलेला नेम एखाद्याला फेब्रुवारीत अंगवळणी पडायचा.