गैरहजर गड्याची विचारपूस

हैदराबादेतील दिलसुखनगर म्हणजे शिकवणीवर्ग आणि वसतिगृहे यांची दाट वस्ती. घर सोडून आलेला तरुण दिवसभर पुस्तकांत मान घालतो आणि रात्री मोबाईलवर आपल्या 'कुळा'त जातो. हे कुळ रक्ताचे नव्हे, खेळाचे. २०१२ साली फिनलंडमध्ये निघालेल्या 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' या खेळात एका कुळात पन्नासांहून अधिक गडी घेत नाहीत. नवा आला की जुने त्यास आपले सैनिक देतात. कोणी किती दिले, लढाईत आपली पाळी कोणी चुकविली, हे सर्वांस दिसते. शहाणा नायक चुकविणाऱ्यास काढून टाकण्यापूर्वी विचारतो, "बरा आहेस ना?"

अतिरेक वाईटच; पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना तर संसदेने २०२५ साली कायद्याने मनाई केली. परंतु मुलगा तेथे का रमतो, हेही पाहावयास हवे. तेथे त्याची उणीव भासते!

फ्रँक डफ यांनी १९२१ साली डब्लिन येथे स्थापिलेल्या 'लीजन ऑफ मेरी'त प्रत्येक सभासदास दर आठवड्यास काम नेमून देतात. तो ते जोडीदारासह करतो व पुढील सभेत सांगतो. माणूस टिकतो तो असा, कामाने आणि सोबतीने.

वाचकहो, आपल्या युवक संघातील एखादा मुलगा तीन रविवार दिसला नाही, तर त्याच्या खोलीचे दार कोण ठोठावतो? नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचे आपण अनुयायी. ते दार आपणच ठोठावावयाचे आहे.