खुराड्यात शिरलेले रानमांजर : मारावे की वाट द्यावी?

गेल्या ऊसतोडणीच्या हंगामात नीरा नदीकाठच्या एका गावी हरभऱ्याच्या पिकाची पाहणी करण्यासाठी प्रस्तुत लेखक पहाटेच पोहोचला होता. वस्तीजवळ येताच एक वृद्ध शेतकरी हाती कुऱ्हाड घेऊन सामोरे आले. "साहेब, खुराड्यात बिबट्याचं पिल्लू शिरलंय. माय जवळच असंल, पुढं जाऊ नका," असे ते म्हणाले. घरच्या सूनबाईंच्या ११ कोंबड्यांपैकी ४ मरून पडल्या होत्या. अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागत असल्याने हे नुकसान त्या घरास लहान नव्हते.

दुरून विजेरीच्या उजेडात पाहिले असता जनावराचे अंग मातकट असून त्यावर ठिपके नव्हते. पाय लांब, शेपूट आखूड व तिच्या टोकाकडे काळी वलये, तसेच कानांच्या टोकांस काळ्या केसांचे लहान झुबके होते. ते पूर्ण वाढलेले रानमांजर होते. काही भागांत यासच बाऊल म्हणतात. दाराखालची माती उकरून ते आत शिरले होते व माणसांच्या आवाजाने कोपऱ्यात दडून बसले होते.

"आबा, कुऱ्हाड खाली ठेवा. दार उघडून आपण ओट्यावर जाऊ," अशी विनंती केली. कुत्रा बांधला, मुलांना घरात घेतले व दोरीने दुरूनच दार ओढले. थोड्याच वेळात ते जनावर उसात नाहीसे झाले. "चार कोंबड्या मारल्या, आन् तुम्ही त्याला वाट देता?" असे सूनबाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता.

वाट का द्यावी?

रानमांजराचे मुख्य भक्ष्य उंदीर होय. जे उंदीर शेतातील व खळ्यावरील धान्य फस्त करतात, त्यांचा फडशा ते विनामूल्य पाडते. कोंबडी त्यास क्वचितच, आणि तीही आपल्या निष्काळजीपणामुळे, सापडते. शिवाय एक रानमांजर मारल्याने खुराड्यातील फट बुजत नाही. त्याच वाटेने उद्या दुसरे रानमांजर, मुंगूस किंवा भटके कुत्रे येईल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हा प्राणी संरक्षित असल्याने त्यास मारणे हा गुन्हाही आहे.

एकाच रात्री अनेक कोंबड्या मेल्या म्हणजे जनावर सूडाने पेटले, असा समज आहे. तो खरा नाही. रानात एक पक्षी पकडला की उरलेले उडून जातात. बंद खुराड्यात मात्र ते तेथेच फडफडत राहतात व शिकाऱ्याची झडप थांबत नाही.

नुकसानीचे कारण ओळखावे

मेलेल्या पक्ष्यांच्या मानेवर व अंगावर दातांच्या खुणा आहेत काय, हे प्रथम पाहावे. खुणा नसताना अनेक पक्षी मेले असतील, तर मानमोडी (राणीखेत) किंवा अन्य रोगाचा संशय घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. मुंगूस बहुधा दिवसा येते. रानमांजर मुख्यतः तिन्हीसांजेस, रात्री व पहाटे फिरते. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. त्यांवर विष घालून ठेवू नये. त्यामुळे कुत्री, घारी व घुबडे प्राणास मुकतात.

समोरासमोर आल्यास

जनावरास कोंडू नये. हाताने किंवा पोत्याने धरू नये. चावा वा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व श्वानदंशावरील लशीसाठी त्वरित दवाखाना गाठावा. अंगावर ठिपके दिसले, किंवा जनावर बाहेर जात नसेल, तर वनविभागास कळवावे. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ हा आहे.

खुराड्याची दुरुस्ती

१. कोंबडीजाळी कोंबड्यांस आत ठेवते, पण शिकाऱ्यास बाहेर ठेवीत नाही. तिच्याऐवजी अर्धा इंच छिद्रांची जोडकामाची मजबूत जाळी लावावी.

२. ही जाळी भोवताली १ ते दीड फूट जमिनीत पुरावी, अथवा खुराडे फरशीवर उभारावे.

३. छपराखालची मोकळी जागाही जाळीने बंद करावी.

४. दारास नुसती दोरी न बांधता कडी-कोयंडा बसवावा. दिवस मावळण्यापूर्वी पक्षी मोजून आत घ्यावेत.

५. सांडलेले खाद्य रोज झाडून काढावे. खाद्यामागे उंदीर येतात व उंदरांमागे रानमांजर.

उसातील पिल्ले

ऊस तोडताना रानमांजराची पिल्ले सापडतात व तीही बिबट्याची समजली जातात. पिल्ले कोणाचीही असोत, त्यांस हात न लावता त्या भागातील तोडणी थांबवून वनविभागास कळवावे. बहुधा रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच तोडणी टोळ्यांस ही गोष्ट समजावून द्यावी.

त्या वस्तीवरील खुराडे त्याच आठवड्यात दुरुस्त झाले. पुढे दोन महिन्यांनी तेथे जाणे झाले, तेव्हा उरलेल्या सातही कोंबड्या अंगणात चरत होत्या. खुराड्याभोवतीच्या मऊ मातीत रानमांजराच्या पावलांचे ताजे ठसे होते. ते येऊन, जाळीभोवती फिरून, उंदरांच्या वाटेने निघून गेले होते.