झोपेचा क्लास

रात्री अडीचला ‘ऑनलाइन’ दिसणारा आपला कलीग नाइट शिफ्टला आहे की नुसताच जागा, हे हल्ली कळत नाही. पण जागरणाचं कौतुक मला सांगू नका. मी ब्रह्मपुरीचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा सीझन सुरू झाला, की पडदा रात्री वर जातो तो उजाडताना खाली येतो. मग दुपारी अख्खं गाव घोरतं. ते हौसेचं जागरण!

माझ्या मावसभावाचं वेगळं. पोलीस भरतीची तयारी, दिवसभर अभ्यासिका, पहाटे पाचला ग्राउंड. दिवा मालवला तरी डोळा लागत नाही. वयाची अट जवळ येतेय, त्यामुळे प्रत्येक रात्र परीक्षेचीच. मेडिकलमधून गोळी आणू का, असं त्याने फोनवर विचारलं, तेव्हा मी जरा हादरलोच.

आठवड्यातून तीन रात्री, सलग तीन महिने असं चाललं, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संघटनेने 2016 मध्ये मोठ्यांसाठी पहिला उपाय सांगितला तो गोळीचा नाही, सीबीटीचा. म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचा. तो ग्रुपमध्येही होतो. सहा-आठ जण, आठवड्यातून एक बैठक, साधारण दीड-दोन महिने. समुपदेशक कमी आणि जिल्ह्याचं ठिकाण लांब, अशा भागात हे फारच सोयीचं. कॉलेजला एक खोली आणि आठ खुर्च्या पुरतात.

पहिला होमवर्क झोपेची डायरी. आडवे कधी झालात, झोप कधी लागली, उठलात कधी. समजा आठ तास लोळून झोप सहाच तास, तर हिशेब 75 टक्के. मग गंमत! झोप येत नाही म्हणून आलेल्याला उशिरा झोपायला सांगतात. बारा ते सहा, बस्स. झोप 85-90 टक्क्यांवर गेली, की पंधरा मिनिटं बक्षीस. पहिला आठवडा जड जातो, पेंगत बाइक चालवू नका. फिट्स किंवा बायपोलर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचंच नाही.

दुसरा नियम रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडला. पलंग फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटं तळमळलात तर उठा, दुसऱ्या खोलीत जा. आता एका खोलीत तिघं राहणाऱ्यांनी दुसरी खोली आणायची कुठून? आमच्याकडे पलंगच टेबल, पलंगच डायनिंग हॉल. त्यावर उपाय सतरंजी. दिवसभराचा मुक्काम तिच्यावर. आणि गावाच्या कडेला राहत असाल तर रात्री फेरफटका नको. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ भरपूर आहेत!

खरी मजा ग्रुपची. ‘आज झोपलो नाही तर उद्याचा पेपर गेला’ हे वाक्य आठही डोक्यांत असतं. डायऱ्या समोर ठेवल्या, की कळतं, कमी झोपेच्या दिवशीही बरंचसं काम झालेलं असतं. वाक्याची धार तिथेच जाते. भाऊ म्हणाला, ‘‘मले वाटे, मीच एकटा जागतो.’’ त्याच्या खोलीतले दोघंही जागेच होते, गुपचूप!

2022 मध्ये सुरू झालेली सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416. फुकट, चोवीस तास, मराठीतही. भावाने तो नंबर भिंतीवर चिकटवलाय, भरतीच्या टाइमटेबलच्या शेजारी.