नाव आपलं, कमाई दुसऱ्याची?

दिवाळीच्या तोंडावर तालुक्याच्या बाजारात एक चक्कर मारून बघा. भाजणी, मसाले, उटणं यांची पाकिटं मांडलेली असतात. त्यात एकाच रंगाची, एकाच धाटणीच्या अक्षरांतली दोन-तीन पाकिटं तरी शेजारी शेजारी दिसतीलच. नावात फरक असतो तो एखाद्या काना-मात्रेचा. खरं कुठलं आणि उचललेलं कुठलं, हे घाईतल्या गिऱ्हाइकाला कळत नाही. जिने चार-पाच वर्षं उन्हात मिरच्या वाळवून, घरोघरी नमुने वाटून ते नाव कमावलं, तिला मात्र दुकानदाराचा फोन येतो, ‘‘ताई, या वेळी तुमच्या मसाल्याला ती चव नाही. लोक तक्रार करतायत.’’ मसाला तिचा नसतोच. फक्त नाव तिचं असतं.

अशा वेळी आपण काय म्हणतो? ‘जाऊ दे, देव बघून घेईल.’ मैत्रिणींनो, इथेच आपलं चुकतं. शेताचा बांध कुणी एक हात सरकवला, तर आपण तलाठ्याकडे धाव घेतो. मग कष्टाने कमावलेलं नाव कुणी उचललं तर गप्प का बसायचं? शेताला जसा सातबारा, तसा नावालाही कागद असतो. नाव, चिन्ह, लेबलावरचं चित्र, नक्षी, मसाल्याचं गुपित प्रमाण ही सगळी आपली मिळकतच आहे. कायदा तिला बौद्धिक संपदा म्हणतो.

शॉप अ‍ॅक्ट म्हणजे नावाचा हक्क नव्हे

सगळ्यात मोठा गैरसमज हा. ‘माझ्याकडे शॉप अ‍ॅक्टचा दाखला आहे, उद्यम नोंदणी आहे, अन्नपदार्थांचा परवाना आहे. म्हणजे नाव माझंच!’ तसं नसतं. हे कागद व्यवसाय करण्यासाठी लागतात. नावावरचा हक्क सांगण्यासाठी ट्रेडमार्कची नोंदणी लागते. ती ‘ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट १९९९’ या कायद्याखाली होते.

अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले ३० व्या वर्गात येतात, तयार कपडे २५ व्या, तर साबण आणि सौंदर्यप्रसाधनं तिसऱ्या. एका व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केला, तर एका वर्गासाठी सरकारी फी ४,५०० रुपये आहे. वकिलाची फी अर्थातच वेगळी. अर्ज तपासला जातो. शंका काढली गेली तर महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. मग नाव ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये छापलं जातं आणि चार महिन्यांत कुणाची हरकत आली नाही, तर नोंदणी होते. ती दहा वर्षं चालते, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येतं.

एक लक्षात ठेवा. नावापुढे ‘टीएम’ ही अक्षरं नोंदणीआधीही लावता येतात. वर्तुळातलं ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचं. आधी लावलं तर ते आपल्याच अंगाशी येतं.

नाव ठेवतानाच विचार करा

बाळाचं नाव ठेवताना आपण आठ दिवस घालवतो, धंद्याचं नाव मात्र पाच मिनिटांत ठरतं! ‘शुद्ध’, ‘स्वादिष्ट’, ‘घरगुती’ हे शब्द सगळ्यांचेच आहेत, त्यांवर एकटीचा हक्क मिळणं कठीण. देवादिकांच्या नावांचंही तसंच. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव आपलंच असावं, असा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. धर्मग्रंथाचं नाव असं कुणा एकाच्या मालकीचं होऊ शकत नाही, असं न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. म्हणून नाव थोडं वेगळं, स्वतःचं असं शोधा. पाकिटं छापायला टाकण्याआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते आधीच कुणी घेतलंय का, हे बघा. बघायला पैसे पडत नाहीत.

आणि हो, नोंदणी कुणाच्या नावावर करायची, हेही आधीच ठरवा. दोघी मैत्रिणी मिळून किंवा बचत गट म्हणून धंदा सुरू होतो, तेव्हा सगळं गोडीगुलाबीचं असतं. उद्या वाटा वेगळ्या झाल्या तर नाव कुणाकडे राहणार? साध्या कागदावर का होईना, सगळ्यांच्या सह्यांनिशी लिहून ठेवा. मैत्रीही टिकते आणि नावही.

जुनी बिलं रद्दीत घालू नका

नोंदणी झालेली नसली तर सगळं संपलं का? नाही. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीत हलव्याचं शंभरहून अधिक वर्षं जुनं दुकान आहे. नाव ‘इरुट्टु कडै’, म्हणजे ‘अंधारं दुकान’. दुसऱ्या एका दुकानाने हेच शब्द वापरून हलवा विकायला सुरुवात केली. मूळ दुकानाच्या मालकीणबाई कोर्टात गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. नोंदणीपेक्षाही आधीपासूनचा वापर वरचढ ठरतो, असं सांगत न्यायालयाने २०१५ मध्ये मालकीणबाईंच्या बाजूने निकाल दिला.

पण ‘आधीपासून’ हे सिद्ध करायला पुरावा लागतो. म्हणून पहिलं बिल, पहिलं लेबल, छापखान्याची पावती, प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, जुनी जाहिरात हे सगळं तारखेसह एका फायलीत ठेवा. नोंदणी असली म्हणजे काम सोपं होतं, आणि आपण जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. नक्कल करणाऱ्याच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत.

गप्प बसण्याची किंमत

अमृतधारा आपल्या आजीच्या फडताळात असायचीच. पोट दुखलं की दोन थेंब! या नावाशी मिळतंजुळतं ‘लक्ष्मणधारा’ नावाचं औषध निघालं, तेव्हा अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की साध्या गिऱ्हाइकाला ही दोन नावं सारखी वाटू शकतात, कारण तो काही दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून अक्षरं ताडून बघत नाही. तरीही उत्तर प्रदेशापुरती ‘लक्ष्मणधारा’ची नोंदणी होऊ दिली गेली. का? तर ते औषध विकलं जातंय हे माहीत असूनही अमृतधारावाले इतकी वर्षं स्वस्थ बसले होते. आजच्या कायद्यातही, समोरच्याने नोंदवलेलं नाव वापरलेलं माहीत असून आपण सलग पाच वर्षं काही बोललो नाही, तर पुढे तक्रार करणं अवघड होतं.

लेबल कुणाचं? मसाल्याचं गुपित कुणाकडे?

लेबलावरचं चित्र, माहितीपत्रकातला मजकूर, स्वतः काढलेले फोटो यांवर कॉपीराइट असतो. तो नोंदणी न करताही मिळतो. पण इथे एक मेख आहे. बाहेरच्या चित्रकाराकडून पैसे देऊन लेबल काढून घेतलं, तरी लेखी करार नसेल तर त्या चित्राचा हक्क चित्रकाराकडेच राहू शकतो. म्हणून हक्क आपल्याला दिल्याचं त्याच्याकडून लिहून आणि सही करून घ्या. त्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभरासाठी’ हे शब्द हवेतच. मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाचच वर्षं धरतो.

पाककृतीचं मात्र वेगळं आहे. पुस्तक लिहिलंत तर त्यातले तुमचे शब्द सुरक्षित. पण ते वाचून कुणी तोच मसाला केला, तर कॉपीराइट त्याला अडवत नाही. तेव्हा गुपित हे गुपितच ठेवावं लागतं. कांडायला, भाजायला बायका ठेवा, पण शेवटचं प्रमाण घरच्याच कुणी मिसळावं. ज्यांना सांगणं भागच आहे, त्यांच्याकडून ‘बाहेर सांगणार नाही’ असं लिहून घ्यावं. यात अविश्वास नाही, व्यवहार आहे.

गावाचं नावही मोलाचं

काही नावं एका बाईची नसतात, अख्ख्या गावाची असतात. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी यंत्रावर विणलेली साडी ‘अस्सल येवल्याची’ म्हणून गळ्यात मारली जातेच. कोल्हापुरी चपलेचं तर जगभर गाजलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने तशाच चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. आरडाओरडा झाल्यावर प्रेरणा तिथलीच असल्याचं कंपनीने मान्य केलं. त्याविरुद्धची जनहित याचिका मात्र मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, कारण याचिका करणारे या मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. म्हणजे फिरून तेच. कागदावर ज्याचं नाव, त्याचा आवाज. तुमच्या घरात असं मानांकित उत्पादन होत असेल, तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करून घ्या.

आपल्या हातूनही होतं बरं का!

बाळाच्या झबल्यावर किंवा वाढदिवसाच्या केकवर कार्टूनचं चित्र, इंटरनेटवरून घेतलेला दुसरीच्या केकचा फोटो, मोठ्या कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून ठेवलेलं नाव. ‘सगळेच करतात’ म्हणून आपणही करतो. पण चित्र विकायचं असेल तर परवानगी लागते. नोटीस आली की छापलेला सगळा माल घरात पडून राहतो. दुसरीच्या कष्टाचं आपण घेऊ नये आणि आपलं दुसरीला घेऊ देऊ नये.

उचलेगिरी झालीच तर

* नकली पाकीट बिलासह विकत घ्या. फोटो काढून ठेवा.
* भांडायला जाऊ नका. वकिलाकडून नोटीस पाठवा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.
* माल ऑनलाइन विकला जात असेल, तर त्या विक्री-संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करा.
* दुसऱ्याचा ट्रेडमार्क खोटेपणाने वापरणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा कायद्यात आहे.
* वकील परवडत नाही? दावा लावायला किंवा लढायला स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

लिज्जत पापडाचं नाव आज घराघरांत आहे. १९५९ मध्ये मुंबईतल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन तो धंदा सुरू केला होता. पापड तर घरोघरी लाटले जातात. पण दुकानात गेल्यावर आपण ‘लिज्जत द्या’ म्हणतो, तिथे त्या नावाची किंमत कळते. तुमचं नाव आज चार गावांत चालत असेल, उद्या चाळीस गावांत चालेल. ते चाळीस गावांत पोहोचेपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी जेवणं आटोपली, की कपाटातली जुनी बिलं काढा आणि ती फाईल करायला घ्या.