बधिरांध लेकरासाठी शेजाऱ्यांचा हात

कापूस वेचणीला माय गेली, तर ज्या पोरीला दिसत नाही अन् ऐकूही येत नाही, तिच्याजवळ बसायचं कोणी? माय घरी राहिली तर मजुरी बुडते. हा भार शेजाऱ्यांनी वाटून घेता येतो.

बेरोज वाच्छा यांनी १९७७ मध्ये मुंबईत हेलन केलर संस्था काढून अशा मुलांच्या शिक्षणाची वाट घातली. आपल्या यवतमाळहून मुंबई लांब आहे. पण स्पर्शाची भाषा गावातही शिकवता येते.

पोरीला एकदम उचलू नका. आधी खांद्यावर हात ठेवा, मग आपली खूण द्या : काकूची बांगडी, आजोबांची काठी. जेवणाआधी हातात वाटी, अंघोळीआधी टॉवेल. खुणा सगळ्यांनी त्याच ठेवाव्यात, रोज बदलू नयेत. पुढं काय होणार हे कळलं की तिची भीती कमी होते. मग दोन-तीन घरांनी पाळी लावली, की माय निर्धास्तपणे वावरात जाईल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधतेची नोंद आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी करून प्रमाणपत्र काढा. आईला गरोदरपणी झालेला रुबेला हेही याचं एक कारण. म्हणून लेकरांची गोवर-रुबेला लस चुकवू नका.