आठ सिलिंडर, सोळा प्लग आणि एक सुप्रीम कोर्ट

चार सिलिंडरच्या इंजिनाला स्पार्क प्लग किती लागतात? ‘चार’ असं धरून नव्वदच्या दशकातल्या चार सिलिंडरवाल्या फोर्ड रेंजरसाठी खरेदीला निघालात, तर दुकानाची दुसरी खेप ठरलेली. तिला आठ लागतात. ऐंशीच्या दशकात निसानच्या पिकअपमध्ये झेड-२४ नावाचं इंजिन यायचं, त्यालाही आठच. डॉज रॅममधलं २००३ च्या मॉडेलपासूनचं ५.७ लिटरचं हेमी त्याहून खादाड: सिलिंडर आठ, प्लग सोळा! दोन बाजूंनी ठिणगी टाकली की पेट्रोल-हवेचं मिश्रण लवकर आणि पुरतं जळतं, एवढं साधं कारण. अर्थात याचं कौतुक अमेरिकनांनी आपल्याला सांगू नये. पुण्याच्या बजाजने २००३ मध्ये पल्सरच्या एकाच सिलिंडरला दोन प्लग दिले आणि २०१२ च्या २०० एनएसला तर तीन.

आपल्याकडची जुनी पिकअप मात्र बहुतेक डिझेलची. तिथे ठिणगीचं काम नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपसूक पेटतं. त्यामुळे ‘जुन्या पिकअपला प्लग कोणता घालू?’ हा प्रश्न खरा अमेरिकेतला. तिथे वीस-तीस वर्षांची पेट्रोल पिकअप अजून शिड्या आणि लाकडं वाहत असते आणि मालक सुटीच्या दिवशी स्वतःच पाना घेऊन बॉनेटखाली डोकं घालतो. त्याच्यापुढे पडणारे हे काही पेच आणि काही गमती.

सायकलवाल्याची दोन दुकानं

अमेरिकन दुकानाच्या फळीवर चॅम्पियन आणि एसी-डेल्को शेजारी शेजारी बसतात, पण दोघांचा मूळपुरुष एकच. अल्बर्ट चॅम्पियन हा फ्रेंच सायकलपटू. १८९९ ची पॅरिस-रूबे शर्यत त्याने जिंकली, मग अमेरिकेत जाऊन १९०५ मध्ये बॉस्टनला स्वतःच्या नावाने कंपनी काढली. भागीदारांशी बिनसलं. १९०८ मध्ये तो मिशिगनमधल्या फ्लिंटला गेला आणि जनरल मोटर्सच्या विल्यम ड्युरांटच्या पाठबळावर नवा कारखाना थाटला. आडनाव जुन्या भागीदारांकडे राहिलं, याला आद्याक्षरांवर भागवावं लागलं. ए आणि सी म्हणजे हाच गृहस्थ. शंभर वर्षांहून अधिक काळ तो स्वतःशीच स्पर्धा करतोय.

सहा सेंटचा प्लग

ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९६१ मध्ये फोर्डने ऑटोलाइट हा प्लगचा धंदा २ कोटी ८० लाख डॉलर्सना घेतला. सरकारने खटला भरला, तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये फोर्ड हरली. ऑटोलाइट विकून टाका, दहा वर्षं स्वतः प्लग बनवायचे नाहीत, आणि पाच वर्षं आपल्या गरजेचे निम्मे प्लग त्याच ऑटोलाइटकडून विकत घ्या, असा तो निकाल. पुढच्या वर्षी ऑटोलाइट बेंडिक्सकडे गेली.

पण कोर्टाच्या कागदात खरी मेख वेगळीच सापडते. प्लगवाल्या कंपन्या मोटारवाल्यांना नव्या गाडीसाठीचे प्लग सुमारे सहा सेंटला देत, म्हणजे बनवायच्या खर्चात किंवा त्याहूनही कमीत. हा तोटा का सोसायचा? कारण मेकॅनिक जुना प्लग काढतो, त्यावरचं नाव बघतो आणि त्याच नावाचा नवा बसवतो. पहिला प्लग फुकटात गेला तरी चालेल, पुढची वीस वर्षं आपली. आज पिकअपवाला ‘फोर्डला तिच्याच घरचा मोटरक्राफ्ट, जनरल मोटर्सच्या शेव्हरलेला एसी-डेल्को’ म्हणतो, तेव्हा त्यात इंजिनाची गरज किती आणि ही जुनी सवय किती, हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते निम्मी-निम्मी.

सहा म्हणजे थंड की गरम?

प्लग ‘गरम’ किंवा ‘थंड’ असतो म्हणजे ठिणगी गरम-थंड असते असं नाही. आतल्या चिनी मातीच्या नाकाडाने शोषलेली उष्णता सिलिंडर हेडकडे किती चटकन पोचते, त्यावर हे ठरतं. नाक लांब असलं तर उष्णता रेंगाळते, प्लग गरम. आखूड असलं तर थंड. टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८०० अंश सेल्सियसच्या मधे राहिलं पाहिजे. खाली गेलं की काजळी जळत नाही आणि प्लग कार्बन धरतो. फार वर गेलं की ठिणगीची वाट न बघता मिश्रण आधीच पेटतं आणि पिस्टनची वाट लागते.

आता आकड्यांचा घोळ बघा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉश, चॅम्पियन, ऑटोलाइटमध्ये आकडा वाढला की गरम. त्यामुळे एका कंपनीच्या आकड्यावरून दुसरीचा प्लग उचलणं म्हणजे शुद्ध जुगार. इंजिनाचं वर्ष आणि लिटर सांगून तक्त्यातूनच नंबर घ्यावा.

तांबं नावाला

‘कॉपर प्लग’ मागितला तरी ठिणगी तांब्यावर पडत नाही. तांबं आत, गाभ्यात, उष्णता वाहून न्यायला. टोकाला असतो निकेलचा मिश्रधातू. तांबं १०८५ अंशांना वितळतं, निकेल १४५५ ला, प्लॅटिनम १७६८ ला आणि इरिडियम थेट २४४६ ला. म्हणून साध्या प्लगचं मधलं टोक अडीच मिलिमीटर जाड लागतं आणि इरिडियमचं ०.४ किंवा ०.६ वर भागतं. टोक बारीक असलं की ठिणगी कमी व्होल्टेजला उडी मारते, हा त्याचा खरा फायदा.

टिकाऊपणा कशासाठी, त्याचा हिशोब करून बघा. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतंय आणि ट्रक ताशी ६० मैलांनी चाललाय. प्लग दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मैलाला १००० ठिणग्या. लाख मैलांची हमी म्हणजे प्रत्येक प्लगने दहा कोटी वेळा पेटायचं.

आणि चार शिंगांचा, दोन जिभांचा प्लग? ठिणगी एका वेळी एकाच वाटेने जाते. दुभंगलेल्या टोकाच्या स्प्लिटफायर प्लगच्या जाहिरातीतले दावे सिद्ध होत नाहीत, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९९७ मध्ये त्या कंपनीला वेसण घातली.

एक टिकत नाही, दुसरा निघत नाही

फोर्डच्या जुन्या एफ-१५० पिकअपच्या मालकाला प्लग बदलायचे म्हटलं की घाम फुटतो, त्याला कारण आहे. १९९७ नंतरच्या दोन-व्हॉल्व्हच्या ट्रायटन व्ही-८ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला प्लगसाठी आटे जेमतेम चार. ते झिजले की चालत्या गाडीत धाडकन आवाज होतो आणि प्लग कॉइलसकट वर उडतो. मग हेडमध्ये नवे आटे बसवण्याचा खर्च.

२००४ ते २००८ च्या तीन-व्हॉल्व्हच्या ५.४ लिटर इंजिनात उलटी तऱ्हा. मूळ प्लग दोन तुकड्यांचा, खाली लांब बारीक नळी. त्या नळीभोवती कार्बन इतका घट्ट जमतो की पाना फिरवला की वरचा भाग हातात येतो आणि नळी हेडमध्येच अडकून राहते. फोर्डने यासाठी खास सूचनापत्रक काढलं: इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, प्लग फक्त एक-अष्टमांश फेरा सैल करा, खड्ड्यात कार्ब्युरेटर क्लीनर सोडा, पंधरा मिनिटं थांबा, मग थोडं पुढे थोडं मागे करत हळूहळू काढा. तरीही तुटतो, म्हणून अडकलेली नळी ओढायचं वेगळं हत्यार बाजारात आलं. चॅम्पियनने या इंजिनासाठी एकसंध प्लग काढला. या ट्रकला तोच घ्यावा, यात मला शंका नाही.

याउलट फोर्डचं ३०० घन इंचाचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, १९६५ ते १९९६. सहाही प्लग एका बाजूला, रांगेत, हात सहज पोचेल असे. देव भलं करो त्या इंजिनिअरचं.

बारीकसारीक

नंबरातलं ‘आर’ अक्षर सोडू नका. ते सुमारे पाच हजार ओमच्या रेझिस्टरचं. तो नसला की रेडिओ खरखरतो.

कॉन्टॅक्ट पॉइंटवाल्या जुन्या इंजिनाला गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांतलं अंतर, साधारण ०.९ मिलिमीटर, नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनला १.१ च्या आसपास. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. इरिडियमची गॅप नाण्यासारख्या गोल गेजने ओढून वाढवू नका, टोक मोडतं.

कॉइल पॅकच्या काही गाड्यांत एक कॉइल दोन प्लग पेटवते आणि त्यातल्या एकात ठिणगी उलटी जाते. तिथे मधलं टोक नाही, वरचं वाकडं टोक झिजतं. फोर्डने कारखान्यात मधे आणि वर प्लॅटिनमवाले वेगवेगळे प्लग बसवले होते. आपण दुहेरी प्लॅटिनम घ्यावा, कटकट मिटते.

खोल खड्ड्यात प्लग बसवताना त्याच्या शेंडीला रबरी पाइपचा तुकडा लावा आणि त्याने फिरवा. आटे वाकडे लागले तर रबर घसरतं, हेड वाचतं. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की पुढे अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. निमुळत्या बैठकीचा असेल तर एक-षोडशांश, बस्स.

तर निवाडा असा. प्लग सहज निघत असतील तर स्वस्त निकेलचा घ्या आणि लवकर बदला. मागचे सिलिंडर डॅशबोर्डच्या भिंतीखाली दडले असतील तर दुहेरी प्लॅटिनम किंवा इरिडियम घ्या, कारण पैसे प्लगचे नसतात, कंबरेचे असतात. ताकद कोणत्याच महागड्या प्लगने वाढत नाही. आणि काहीही बसवा, पण वायरी एकेक करूनच काढा; क्रम चुकला की नव्याकोऱ्या प्लगवरही इंजिन मिस मारणारच.